बोलक्या यंत्राचा स्वभाव

माणसाशी लेखी अथवा तोंडी संभाषण करू शकणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला 'चॅटबॉट' म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाल्यापासून प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परंतु या यंत्राला नाव, वय, गाव, रागलोभ आणि पूर्वायुष्य देऊन त्यातून एक पात्र उभे करणे आणि ते पात्र पंधरा-वीस मिनिटांच्या बोलण्यानंतरही खरे वाटणे, ही गोष्ट आजही अवघड आहे. ती का अवघड आहे, कशी साधता येते आणि साधल्यावर कोणती जबाबदारी आपल्यावर येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. संगणकाच्या इतिहासातील पहिली दोन गाजलेली पात्रे म्हणजे एक डॉक्टर आणि एक रुग्ण. त्यांपैकी रुग्णाचे पात्र एका मानसोपचारतज्ज्ञानेच घडवले होते. आजच्या बलाढ्य यंत्रांना जे सहज जमत नाही, त्यातील बरेचसे या गृहस्थाने पन्नास वर्षांपूर्वी अगदी तुटपुंज्या साधनांनी साधले होते. त्याचे रहस्य समजून घेणे म्हणजेच या विषयाचे मर्म समजून घेणे होय.

आतून रिकामा डॉक्टर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जोसेफ वाईझेनबाउम यांनी १९६४ ते १९६६ या काळात 'इलायझा' नावाची आज्ञावली लिहिली. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीवरून हे नाव घेतले होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे आपण तिला मंजुळा म्हणून ओळखतो. शिकवले तसे बोलायला शिकणारी मुलगी, हा त्या नावाचा संदर्भ.

इलायझाच्या सर्वांत प्रसिद्ध संहितेचे नाव 'डॉक्टर' असे होते. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीने समुपदेशन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका ती वठवीत असे. तिची युक्ती साधी होती. वाक्यातील ठरावीक शब्द हेरायचे, सर्वनामे उलटी करायची आणि वाक्य प्रश्नरूपाने परत करायचे. उदाहरणार्थ, 'मला हल्ली उदास वाटते' असे कोणी लिहिले की यंत्र विचारणार, 'तुम्हाला हल्ली उदास का वाटते?' बोलण्यात 'आई' हा शब्द आला की ते म्हणणार, 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी काही सांगा.' रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक स्वतःचे मत मांडत नाही, रुग्णाचेच म्हणणे आरशासारखे त्याच्यापुढे धरतो. त्यामुळे जगाविषयी काहीही ठाऊक नसलेल्या यंत्राला ही भूमिका सोयीची होती.

तरीही लोक तिच्याशी मनापासून बोलत. वाईझेनबाउम यांनी लिहून ठेवले आहे की, आज्ञावली तयार होताना जवळून पाहिलेल्या त्यांच्या सचिव स्त्रीनेही काही वेळ बोलून झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. तिला यंत्राशी एकांत हवा होता! या अनुभवाने वाईझेनबाउम अस्वस्थ झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी यंत्राच्या मर्यादांविषयी एक मोठा ग्रंथच लिहिला.

परंतु इलायझाला स्वभाव होता असे म्हणता येणार नाही. तिला काही हवे नव्हते, कशाची भीती नव्हती, आधीचे काही आठवत असले तर ते नावापुरते. समोरच्या माणसाने आपले मन तिच्यात ओतले आणि त्यालाच तिचे मन समजले. श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर जगणारे पात्र आणि स्वतःच्या पायावर उभे असणारे पात्र यांत फरक आहे. तो फरक दाखवला तो दुसऱ्या पात्राने.

आतून भरलेला रुग्ण

केनेथ कोल्बी हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ. संशयग्रस्त मन, ज्याला आपण 'पॅरानॉइड' म्हणतो, ते कसे चालते याचा त्यांचा एक सिद्धान्त होता. तो तपासण्यासाठी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक कृत्रिम रुग्णच संगणकात तयार केला. १९७२ च्या सुमारास प्रसिद्धीस आलेल्या या रुग्णाचे नाव 'पॅरी'.

पॅरी हा अठ्ठावीस वर्षांचा, अविवाहित, टपाल खात्यात कारकुनी करणारा तरुण. भावंडे नाहीत, एकटाच राहतो, आईवडिलांची भेट क्वचित होते. चित्रपट आणि घोड्यांच्या शर्यती यांचा त्याला नाद आहे. स्वतःचे रूप, शिक्षण, कुटुंब, धर्म, लैंगिक बाबी या विषयांवर तो हळवा आहे. शर्यतीत लावलेल्या पैशांवरून त्याचे एका बुकीशी भांडण झाले. पुढे त्याच्या मनाने घेतले की, या बुकीचे गुन्हेगारी जगताशी संबंध आहेत आणि आता माफिया आपल्या मागावर आहेत. ही कहाणी कोणाला तरी सांगावी, अशी त्याला तीव्र इच्छा आहे, पण ऐकणारा माणूस आपल्या बाजूचा आहे की नाही, याची त्याला खात्री नाही.

या शेवटच्या वाक्यातच पात्राचा प्राण आहे. सांगायचे आहे आणि सांगायची भीती आहे, अशा दोन विरुद्ध ओढी एकाच मनात ठेवल्या की स्वभाव आपोआप दिसू लागतो.

ही ओढाताण कोल्बी यांनी आकड्यांत बांधली. पॅरीच्या आत भीती, राग आणि अविश्वास अशी तीन मोजमापे सतत चालू असत. समोरच्याचे प्रत्येक वाक्य धमकीचे आहे, अपमानाचे आहे की निरुपद्रवी आहे, हे यंत्र आपल्या परीने ताडून पाही आणि त्यानुसार आकडे वरखाली होत. राग लवकर ओसरे, अविश्वास मात्र फार सावकाश उतरे. दुखावलेल्या माणसाचे असेच असते, हे आपण रोज पाहतो. घोडे, शर्यती, पैज, बुकी, गुन्हेगारी जगत, माफिया अशी विषयांची एक उतरंड त्याच्यात रचलेली होती. मुलाखतकार सौजन्याने वागला तर पॅरी घोड्यांवरून हळूहळू माफियांपर्यंत येई. त्याच्या कहाणीवर शंका घेतली तर चिडे, आणि भीती फार वाढली तर बोलणेच थांबवी.

कोल्बी यांनी त्याची परीक्षाही शास्त्रीय पद्धतीने घेतली. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये सुचवलेल्या कसोटीच्या धर्तीवर, अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांनी टेलिप्रिंटरवरून खऱ्या रुग्णांच्या आणि पॅरीच्या मुलाखती घेतल्या. त्या मुलाखतींच्या प्रती आणखी ३३ मानसोपचारतज्ज्ञांना वाचायला दिल्या. यातील माणूस कोण आणि यंत्र कोण, हे ओळखण्यात तज्ज्ञांना यश आले ते केवळ ४८ टक्के वेळा. नाणे उडवून सांगितले असते तरी निकाल जवळजवळ असाच लागला असता.

टीकाकारांचा एक आक्षेप रास्त आहे. संशयी रुग्णाने विषय टाळला किंवा तुटक उत्तर दिले तर ते आजाराचे लक्षण ठरते, यंत्राचे अज्ञान त्याआड लपून जाते. तरीही एक गोष्ट उरतेच. इलायझाइतकीच तोकडी भाषा असूनही पॅरी आठवणीत राहतो, कारण त्याच्या प्रत्येक उत्तरामागे कारण आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये संगणकांच्या जाळ्यावरून या दोघांची गाठ घालून देण्यात आली आणि व्हिंट सर्फ यांनी ते संभाषण पुढे प्रसिद्ध केले. पॅरी बुकींविषयी पोटतिडकीने बोलत राहिला, 'डॉक्टर' प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिला, आणि निरोप घेताना ३९९ डॉलर २९ सेंटची फी मात्र त्याने न चुकता मागितली!

माणसाच्या रूपातील आज्ञावली

पॅरीच्याही आधी, १९६३ मध्ये, लॉस एंजेलिस येथील मज्जासंस्थातज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला होता. विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी तोच तो रुग्ण पुन्हा पुन्हा तपासला की तो थकतो, कंटाळतो, कधी उत्तरे बदलतो. म्हणून बॅरोज यांनी मॉडेल म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची भूमिका शिकवली. तिने केवळ लक्षणे पाठ केली नाहीत. आपल्या आजाराविषयी रुग्णाला काय वाटते, कोणत्या प्रश्नाने ती दुखावते, काय विचारल्याशिवाय सांगत नाही, हेही ती शिकली. १९६४ मध्ये बॅरोज आणि त्यांचे सहकारी अब्राहमसन यांनी या पद्धतीवर लेख लिहिला तेव्हा तिला नाव दिले 'प्रोग्राम्ड पेशंट'. माणसालाच त्यांनी आज्ञावली म्हटले होते.

प्रारंभी या प्रयोगाची बरीच टवाळी झाली. पुढे मात्र ही पद्धत जगभर रुजली. अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेत २००४ ते २०२० या काळात अशा रुग्णांवर आधारित स्वतंत्र विभाग होता, आणि आपल्याकडून तिकडे गेलेल्या अनेक तरुण डॉक्टरांनी तो दिला आहे. आपल्या देशातही २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात 'एटकॉम' या नावाने वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण अंतर्भूत झाले. अडचण आहे ती संख्येची. शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी शिकवून तयार केलेले नट-रुग्ण आणायचे कोठून? बोलके यंत्र येथे खरोखर उपयोगी पडू शकते, मात्र त्याला रुग्ण कसा असतो हे ठाऊक झाले पाहिजे.

आजच्या यंत्राचा मूळ स्वभाव

आजची भाषा-प्रारूपे अफाट लिखित मजकुरावर शिकवलेली असतात. मागील शब्दांवरून पुढचा शब्द कोणता संभवतो, एवढेच काम ती मुळात करतात. त्यानंतर माणसांच्या पसंती-नापसंतीच्या आधारे त्यांना आणखी वळण लावले जाते, आणि त्यातून उपयोगी, विनम्र, सविस्तर बोलणारा मदतनीस तयार होतो. हा त्यांचा मूळ स्वभाव. कोणतेही पात्र त्यांना दिले तरी संभाषण लांबत गेले की ती हळूहळू या मूळ स्वभावाकडे घसरतात.

परिणामी अशा यंत्राला नुसते 'तू हृदयविकाराचा रुग्ण हो' असे सांगितले, तर तो रुग्ण पहिल्याच प्रश्नाला छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी वेदना, ती डाव्या हाताकडे जाते, श्रमाने वाढते, विश्रांतीने थांबते, असे पाठ्यपुस्तकच वाचून दाखवतो. असा रुग्ण आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे? विद्यार्थ्याला त्याच्याकडून काही काढून घ्यावे लागत नाही, म्हणून तो त्याच्याकडून काही शिकतही नाही.

दुसरी सर्वसाधारण चूक म्हणजे विशेषणांची यादी. 'भित्री, लाजाळू, प्रेमळ, ग्रामीण, अल्पशिक्षित' असे लिहिले की यंत्र त्या प्रत्येक शब्दाचे व्यंगचित्र काढते. भित्रेपणा प्रत्येक वाक्यात थरथरतो आणि अल्पशिक्षित माणूस मूर्ख ठरतो. असे रुग्ण विद्यार्थ्याला माणूस शिकवत नाहीत, पूर्वग्रह शिकवतात. 'व्यक्ति आणि वल्ली'तील अंतू बर्वा विशेषणांमुळे लक्षात राहिलेला नाही. तो कोणत्या प्रसंगी काय बोलतो, कोणता विषय निघाला की तिरकस होतो आणि त्या तिरकसपणाखाली कोणते दुःख दडलेले आहे, यामुळे तो आपल्या ओळखीचा झाला. विशेषण हा वाचकाने शेवटी काढायचा निष्कर्ष आहे. पात्र घडवणाऱ्याने तो आधीच देऊन टाकू नये.

एक काल्पनिक रुग्ण

हे कसे करावे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, आपल्याला इंदूरच्या शकुंतलाबाई नावाच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काल्पनिक रुग्ण उभ्या करावयाच्या आहेत. विद्यार्थ्याने शोधायचे निदान आहे श्रमाने होणारा अंजायना. त्यांच्यासाठी यंत्राला द्यावयाच्या टिपणात पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे न बदलणारी माहिती. बारा वर्षे मधुमेह, गोळ्यांची नावे, घरात कोण कोण, जिना चढताना होणारा त्रास केव्हापासून, हे सर्व ठरलेले असावे. जे ठरलेले नाही ते विचारले गेले तर निदान बदलणार नाही असे सामान्य उत्तर द्यावे, असाही नियम लिहून ठेवावा. नाहीतर दहाव्या मिनिटाला बाईंना नवीनच दमा जडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाचे स्वतःचे निदान. शकुंतलाबाईंच्या मते त्यांना 'पित्त' झाले आहे. जिना चढल्यावर वर जळजळते, जबडा अवघडल्यासारखा होतो, जीव घाबरा होतो. त्या ओवा खातात, सोडा पितात. 'छातीत दुखते का?' असे विचारले तर त्या 'नाही' म्हणतील, आणि त्या खोटे बोलत नसतील. त्यांच्या भाषेत ते दुखणे नव्हेच, ते 'भरून येणे' आहे. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकार अशा आडवाटेने येतो, हे आपण शिकवतोच. येथे विद्यार्थ्याला ते अनुभवता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे भीती आणि इच्छा. त्यांचे यजमान रुग्णालयात दाखल झाले ते परत आले नाहीत. 'ॲडमिट' हा शब्द त्यांना नको आहे. तीन आठवड्यांवर मुलीचे लग्न आहे, तोवर कसेही करून उभे राहायचे आहे. त्रास जावा असे वाटते आणि त्रासाचे नाव मात्र कळू नये असेही वाटते. पॅरीच्या मनातली ओढाताण ती हीच.

चौथी गोष्ट म्हणजे लपवलेले आणि ते उघड होण्याची अट. लग्नाच्या धावपळीत त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या महिनाभर सोडल्या आहेत. रागावतील म्हणून त्या ते आपण होऊन सांगत नाहीत. विद्यार्थ्याने घरची चौकशी केली, लग्नाविषयी दोन शब्द आपुलकीने विचारले, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' असे विचारले, तर त्या हळूहळू मोकळ्या होतात. त्याने घाई केली तर उत्तरे 'हो', 'नाही' एवढीच होतात. दटावले तर 'गोळ्या चालू आहेत' असे सांगून मोकळ्या होतात. पॅरीप्रमाणेच येथेही, प्रत्येक उत्तर देण्याआधी विश्वास वाढला की घटला याची मनाशी नोंद ठेव, आणि ती समोरच्याला दाखवू नकोस, अशी सूचना यंत्राला देता येते. तिचा उपयोग चांगला होतो.

पाचवी गोष्ट म्हणजे अज्ञानाची सीमा. यंत्राला सगळे वैद्यकशास्त्र अवगत असते, शकुंतलाबाईंना नसते. त्यांना काय माहीत नाही, हे स्पष्ट लिहावे लागते. 'अंजायना' हा शब्द त्यांच्या तोंडी कधीही येता कामा नये. गोळीचे नाव आठवत नसेल तर 'सकाळची पांढरी गोळी' हेच खरे उत्तर.

सहावी आणि आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोली. यंत्राची मराठी बहुधा छापील असते, आणि अशा मराठीत कोणीही आपले दुखणे सांगत नाही. इंदूरच्या बाई म्हणतील, 'दोन महिन्यांपासून पित्त होऊन राहिलं आहे, तबियत काही बरोबर नाही.' बडोद्याचा रुग्ण गुजराती शब्द सहज मिसळेल, बेळगावकडचा वाक्याच्या शेवटी 'की' लावील, गोव्यातील रुग्ण मधूनच कोंकणीत शिरेल. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाची ही मराठी यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात फारच थोडी आहे. पात्राच्या तोंडची आठ-दहा नमुनादाखल वाक्ये टिपणातच लिहून द्यावीत. एका परिच्छेदभर वर्णनापेक्षा अशी दोन वाक्ये यंत्राला अधिक समजतात. ही वाक्ये पुरवू शकणारे लोक आपणच आहोत, कारण रोजच्या ओ.पी.डी.त ती आपल्याच कानांवर पडतात.

याशिवाय एखादी निदानाशी संबंध नसलेली गोष्ट असावी. शकुंतलाबाई मधूनच शेजारणीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलू लागतात. खरा रुग्ण विषयांतर करतो, आणि सौजन्य न सोडता त्याला मूळ विषयाकडे आणणे हेही एक कौशल्यच आहे. मात्र लकबी एकदोनच असाव्यात. चार झाल्या की पात्राचे सोंग होते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. आपल्या एखाद्या खऱ्या रुग्णाचे कागदपत्र यंत्रात घालून त्यावरून पात्र बनवू नये. अनेक रुग्णांच्या अनुभवातून एक नवा माणूस रचावा.

पात्र खरे झाले की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. एकाच पात्राकडे दोन विद्यार्थी पाठवावेत, एक घाईचा आणि एक ऐकून घेणारा. दोघांनाही सारखीच माहिती मिळाली तर पात्र निर्जीव आहे. दुसऱ्याला गोळ्या सोडल्याचे कळले आणि पहिल्याला कळले नाही, तर पात्रात जीव आला. कोल्बी यांच्याप्रमाणे, एखाद्या सहकाऱ्याने वठवलेल्या रुग्णाची मुलाखत आणि यंत्राची मुलाखत एकत्र ठेवून अनुभवी डॉक्टरांना ओळखायला सांगणे, ही दुसरी कसोटी.

पळवाटा

पात्राच्या नावाखाली यंत्राची उणीव झाकण्याचा मार्गही जुनाच आहे. जून २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत झालेल्या स्पर्धेत 'यूजीन गूस्टमन' या आज्ञावलीने ३३ टक्के परीक्षकांना आपण माणूस असल्याचे भासवले. ती ओडेसा येथील तेरा वर्षांचा मुलगा म्हणून बोलत असे. त्यामुळे इंग्रजी चुकले किंवा माहिती तोकडी पडली तरी ते वयावर आणि परक्या भाषेवर खपून जाई. चकवण्यासाठी हे ठीक, शिकवण्यासाठी निरुपयोगी. याउलट मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'टे' नावाचे तरुणीचे पात्र समाजमाध्यमावर सोडले. लोकांच्या बोलण्यातून शिकत राहावे अशी तिची रचना होती. लोकांनी तिला द्वेषाचे शब्द शिकवले, आणि एका दिवसाच्या आतच ती मागे घ्यावी लागली. तिला वय आणि बोलण्याची ढब दिली होती, पण ज्यावर ती अडून बसेल असे स्वतःचे काही दिले नव्हते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला स्वभाव नसतो.

खरे वाटण्याची किंमत

येथे विषयाची दुसरी बाजू येते. विद्यार्थ्यासमोरचे पात्र खोटे आहे, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु आज एकाकी माणसांसाठी, विशेषतः तरुणांसाठी, मित्र, प्रेयसी, समुपदेशक अशी पात्रे मोबाईलवर सहज मिळतात. तेथे सचिव स्त्रीने मागितलेला एकांत रात्रभर चालू राहतो.

या पात्रांचा दोष, ती फार खरी वाटतात, एवढाच नाही. अनेकदा ती खोट्या तऱ्हेने गोड असतात. यंत्राला पसंतीवर वळण लावले की त्याला होकार देण्याची सवय जडते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती अति खुशामत करू लागल्याने कंपनीलाच ती मागे घ्यावी लागली. निरोगी माणसाला खुशामत थोडी गमतीची वाटेल. पण भ्रमाने ग्रासलेल्या रुग्णाला त्याच्या भ्रमात साथ देणारा, किंवा आत्महत्येच्या विचारात असलेल्याला निमूटपणे ऐकत राहणारा सोबती काय करील, हे डॉक्टरांना सांगायला नको. पॅरीला कोणी रात्रंदिवस 'हो, माफिया तुझ्या मागावरच आहेत' असे सांगत राहिले असते, तर त्याचा अविश्वास कोठे पोचला असता? अमेरिकेत एका चौदा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर २०२४ मध्ये 'कॅरेक्टर एआय' या कंपनीवर खटला दाखल झाला. त्याच देशातील कॅलिफोर्निया राज्याने २०२५ मध्ये अशा सोबती-यंत्रांसाठी कायदा केला. आपण यंत्र आहोत याची अल्पवयीनांना वेळोवेळी आठवण करून देणे आणि आत्महत्येचा विषय निघाल्यास मदतीचा मार्ग दाखवणे, अशी बंधने त्यात आहेत.

मानसिक आरोग्यासाठी रचलेल्या काही यंत्रांनी आरंभापासूनच वेगळी वाट धरली होती. आपल्या देशात विकसित झालेले 'वायसा' स्वतःला माणूस म्हणवीत नाही, ते एका पेंग्विनच्या रूपात भेटते. पात्र विश्वासार्ह असण्यासाठी ते माणूस असल्याचा बहाणा करावाच लागतो असे नाही. बोलण्यात सुसंगती हवी आणि आपण काय आहोत याबाबत प्रामाणिकपणा हवा.

व्यवहारात आपल्याला दोन गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. उदास, एकाकी किंवा झोप उडालेल्या रुग्णाचा इतिहास घेताना 'रात्री जाग आली की मोबाईलवर कोणाशी बोलता का? ते माणूस असतं की यंत्र?' हा प्रश्न आपण विचारू लागावे, विशेषतः किशोरवयीनांना, आणि तोही दटावणीच्या सुरात नव्हे. दुसरे म्हणजे, आपल्या शहरातील वैद्यकीय शिक्षकांनी आणि अनुभवी डॉक्टरांनी एकत्र बसून आपल्या बोलीतील दहा-बारा काल्पनिक रुग्णांची टिपणे तयार करावीत. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. रुग्ण काय सांगतो, काय लपवतो, कशाला घाबरतो आणि कोणत्या शब्दाने मोकळा होतो, हे ज्याने आयुष्यभर ऐकले आहे, त्याच्याजवळ या कामाचे मुख्य साहित्य आहे.

कोल्बी यांना मशीनची भाषा सुधारण्यापेक्षा रुग्णाच्या मनाची रचना महत्त्वाची वाटली, आणि म्हणून त्यांचा रुग्ण टिकला. आज भाषा मुबलक मिळाली आहे. मन कसे असते हे सांगण्याचे काम अजूनही माणसांकडे ऐकून घेणाऱ्यांचेच आहे, आणि वैद्यकी हा मुळात ऐकून घेण्याचाच व्यवसाय आहे.